पुलाखाली जाऊन बघा

ग्लाशमोरचा लाकडी पूल उभा राहायच्या आधीच त्याने तीन माणसं मारली होती.

साल १८४८, आयर्लंड. बटाट्याचं पीक कुजत होतं, गावं ओस पडत होती. तिथल्या जमीनदाराने उपाशी माणसांना मूठभर मक्याच्या पिठावर कामाला लावलं. थॉमस ब्रॉफी नावाचा सुतार अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात, नऊ वर्षं छपराचे पूल बांधून परत आला होता. जमीनदाराला तसाच पूल आपल्या नदीवर हवा होता. लांब फळ्या तिरप्या, एकमेकींना छेद देत मांडायच्या आणि प्रत्येक छेदावर ओकच्या खुंट्या ठोकायच्या. अशा दोन जाळ्या, दोन बाजूंना दोन भिंतींसारख्या. खाली रस्ता, वर छप्पर आणि बाहेरून फळ्यांचं आच्छादन, म्हणजे पाऊस लाकडापर्यंत पोचत नाही. लोखंडाचा खिळासुद्धा नाही. दुसरी जाळी दोरांनी उभी करताना ओढणाऱ्यांच्या हातांतलं बळ संपलं. दोर सुटला. शंभर फुटांची जाळी आडवी झाली आणि तिघे चिखलात दडपले गेले. मुकादमाने प्रेतं काठावर ओढायला लावली आणि त्याच दुपारी जाळी पुन्हा उचलायला सांगितली. एकाने नाही म्हटलं, तर त्याच्या तोंडावर चाबूक बसला आणि त्याचा डोळा गेला. जाळीची मात्र एक खुंटीही हलली नव्हती.

ही हकिगत सुलेखाला डेक्लन ब्रॉफीने सांगितली, ऑक्टोबर २०२० मध्ये, पुलावरच्या पहिल्याच भेटीत. डेक्लन त्या थॉमसच्याच घराण्यातला. साठीचा, लांब हातांचा, कमी बोलणारा सुतार. पुलाच्या दुरुस्तीतलं सगळं लाकूडकाम त्याच्याकडे होतं.

सुलेखा मूळची मिरजेची. तिच्या वडिलांची, दीनानाथांची, तिथे लाकडाची वखार होती. पुण्यात शिकून, डब्लिनला एम. एस. करून ती मेनूथमधल्या एका लहानशा फर्ममध्ये लागली होती. जुनी बांधकामं तपासायची, ती किती भार घेतील ते काढायचं, दुरुस्ती आखायची, हे तिचं काम. घर ओंगारला. नवरा प्रताप लिक्सलिपच्या चिप कारखान्यात इंजिनियर. बाकी सगळे घरून काम करत होते त्या काळात हिला रोज बूट चढवून नदीवर जावं लागायचं, आणि ती खुशीत जायची.

पुलाची दुसरी हकिगत तिला कॉनर हॅनलनने सांगितली. पूर्वेच्या काठाला लागून त्याचा गोठा आणि कुरणं होती. साइटवरच्या गाड्या त्याच्याच अंगणातून यायच्या. पंचावन्नचा, लालबुंद चेहऱ्याचा, दिलदार माणूस. थंडी वाढली की स्वतःहून चहाचा थर्मास घेऊन यायचा. "सगळं ग्रँड ना?" हा त्याचा नेहमीचा प्रश्न.

"जूनमध्ये शंभर वर्षं होतील," तो म्हणाला. "नऊ जून एकोणीसशे एकवीस. माझे आजोबा लियाम हॅनलन. इंग्रजांविरुद्ध लढणारी अठरा पोरं त्यांच्या हाताखाली होती. रोज सकाळी बराकीतून सैनिकांची लॉरी या पुलावरून जायची. आजोबांनी बेत आखला. खालची तुळई आदल्या दिवशी कापून ठेवायची, म्हणजे लॉरी नदीत. पोरं पलीकडच्या काठावर खड्ड्यात दबा धरून बसायची."

"मग?"

"पूल पडलाच नाही. लॉरी सरळ पार झाली आणि पोरांच्या पाठीमागे जाऊन थांबली. पाच जण मेले. एकाच्या पायाला गोळी लागली होती, तो हात वर करून बसला होता. त्याला संगिनीने भोसकलं."

"तुळई कापणार कोण होतं?"

कॉनरने पुलाकडे मान वळवली. डेक्लन तिथे खुंट्या मोजत होता. "त्याचा आजोबा," तो हळू आवाजात म्हणाला. "जेम्स ब्रॉफी. पूल त्याच्या देखरेखीखाली होता. त्याने करवत लावलीच नाही. बराकीत जाऊन सांगितलं असणार. दोन दिवसांनी पोरांनी त्याला कामाच्या शेडमधून ओढून नेलं. चुन्याच्या भट्टीपाशी तीन गोळ्या. गळ्यात पाटी, 'हेर'. शेवटपर्यंत एकच घोकत होता, पुलाखाली जाऊन बघा, पुलाखाली जाऊन बघा. तिथे तर सैनिकांचा पहारा बसलेला. बघणार कोण?" तो थांबला. "अजून आमच्याकडे कोणी थाप मारली की म्हणतात, हो, हो, पुलाखाली जाऊन बघतो."

डेक्लनने याबद्दल स्वतःहून काही सांगितलं नाही. बऱ्याच आठवड्यांनी सुलेखाने विचारलं तेव्हा इतकंच म्हणाला, की आजोबांचं प्रेत दोन दिवस भट्टीपाशी पडून होतं. शेवटी आजीने आणि तिच्या म्हाताऱ्या बापाने ते हातगाडीवर घालून आणलं. शवपेटीला खांदा द्यायला गावातून कोणी आलं नाही. घराच्या खिडक्या फुटल्या, गाईच्या पायाच्या शिरा कापल्या. वडील तेव्हा वर्षाचे होते. शाळेत त्यांना एवढं मारलं, की एक कान कायमचा गेला.

"आणि तुला?"

"मी बारा वर्षांचा असताना पोरांनी पुलाच्या बाजूची फळी काढून मला खाली फेकलं. जा, बघून ये म्हणाले." त्याने खुंटीचं टोक तासलं. "कॉनरचा थोरला भाऊ होता त्यांच्यात. हात त्याने धरले होते."

"तरी इथेच राहिलास?"

"पूल इथे आहे," डेक्लन म्हणाला.

जानेवारीत कोरोनामुळे सगळी बांधकामं बंद झाली. सुलेखा ओंगारच्या घरात खिडकीपाशी बसून जाळीचे हिशोब मांडत राहिली. एप्रिलमध्ये मिरजेत दीनानाथ आजारी पडले. भावाने तीन दवाखान्यांची दारं ठोठावली. चौथ्यात खाट मिळाली, तर प्राणवायू नव्हता. तिथल्या धक्काबुक्कीत कोणीतरी भावाचं डोकं फोडलं. डोक्याला पट्टी बांधलेल्या भावाने सरणाचा व्हिडिओ लावला आणि सुलेखाने वडिलांना ओंगारच्या स्वयंपाकघरात, फोनवर, जळताना पाहिलं. ती रडली नाही. प्रतापने जवळ घेतलं तर तिने त्याचे हात बाजूला केले. मे महिन्यात साइट उघडली त्या पहिल्याच सकाळी ती सात वाजता पुलावर हजर होती.

अठरा मेला त्यांनी पश्चिमेकडचा लोखंडी पट्टा काढायला घेतला.

खालची तुळई म्हणजे चार जाड फळ्या, एकीला एक लावून, खुंट्यांनी जोडलेल्या. तिच्यावर एका जागी पाच फूट लांब लोखंडी पट्टा बोल्टने आवळलेला होता. कधीतरी लाकूड कुजलं असेल म्हणून ठोकला असेल, असं सगळे धरून चालले होते. सुलेखा आणि डेक्लन पुलाखालच्या परांचीवर उभे होते. गंजलेले बोल्ट कापायला दोन तास लागले. पट्टा सुटून फळीवर आदळला. त्याच्या आतल्या बाजूला ठसा होता: वर टोक असलेला बाण, आणि खाली १९२१.

"हा इंग्रज सैन्याचा बाण," डेक्लन म्हणाला.

सुलेखाने तुळईवर विजेरीचा झोत टाकला. बाकी पुलाचं लाकूड राखेसारखं करडं झालं होतं, पण पट्ट्याखाली एक सरळ रेघ मधासारखी पिवळी राहिली होती. ती चीर होती, बारीक, करवतीने पाडलेली. पहिली फळी पूर्ण कापलेली, दुसरी आणि तिसरीही. चौथीला करवत लागली नव्हती. ती निम्मी फाटली होती, ओल्या दोरासारखी, धागे बाहेर आलेले.

"त्याने कापली होती," सुलेखा म्हणाली. तिचा आवाज आनंदाने चढला. "डेक्लन, बघ! तीन फळ्या मुद्दाम कापल्यात. चौथी ठेवली, म्हणजे पूल आपोआप पडू नये, लॉरीच्या वजनाने ती तुटावी. लॉरी गेली तेव्हा ती फाटलीसुद्धा. सैनिकांना नंतर कळलं, त्यांनी गुपचूप पट्टा मारला. कापलेलं लाकूड करडं व्हायच्या आत, म्हणजे दोन-चार दिवसांतच."

डेक्लन पुढे वाकला. त्याने चिरेत अंगठ्याचं नख घातलं.

"आणि हे बघ, या वरच्या खुंट्या वाकल्यात. भार तुळई सोडून जाळीत चढला, शेजारच्या तीस फळ्यांनी तो वाटून घेतला. जाळीचा पूल असाच असतो. एका जागी कापून तो पडतच नाही. कुठलाही इंजिनियर सांगेल."

"त्यांना सांगायला इंजिनियर नव्हता," डेक्लन म्हणाला.

तो शिडीवरून वर गेला. सुलेखाला वाटलं, रडायला एकांत हवा असेल. तिने चिरेचे चाळीस फोटो काढले, मापं घेतली, जागेवरूनच फर्मला आणि काउंटीच्या कचेरीला पाठवून दिली. मग वर आली, तर डेक्लन पुलाच्या पूर्वेच्या तोंडाशी एका खांबावर मूठ मारत होता. संथपणे, एकामागून एक. खांबाला रक्त लागलं होतं. तिने हाक मारली तेव्हा तो वळला आणि हॅनलनच्या अंगणाकडे चालू लागला.

ती धावली. जड बुटांमुळे ती मागे पडली. पोचली तोवर कॉनर गोठ्याच्या ओल्या फरशीवर उताणा पडला होता आणि डेक्लन त्याच्या छातीवर गुडघा रोवून तोंडावर ठोसे मारत होता. कॉनरची बायको हातातली पाण्याची नळी टाकून किंचाळत होती. गाई दावणीला हिसके देत होत्या.

"कापली होती त्याने! कापली होती!" प्रत्येक ठोशाला डेक्लन म्हणत होता.

सुलेखाने मागून त्याचं जाकीट ओढलं. त्याचं कोपर मागे आलं आणि तिचा ओठ फाटला. तोंडात रक्ताची खारट चव आली. डेक्लनने हाताला लागलेली लोखंडी बादली उचलली. कॉनरने तोंड वळवलं म्हणून ती कानशिलावर न बसता जबड्यावर बसली. दोन दात फरशीवर पडलेले सुलेखाला स्पष्ट दिसले. मग शेजारच्या शेतातले दोघे आले आणि त्यांनी डेक्लनला उचलून मागे खेचलं.

पोलीस आले, तेव्हा कॉनर तोंडावर टॉवेल धरून बसला होता. "घसरून पडलो," तो म्हणाला. "फरशी ओली होती."

"आणि या बाईंचा ओठ?"

"त्याही घसरल्या," कॉनर म्हणाला. त्याने सुलेखाकडे पाहिलं नाही.

घरी प्रतापने तिच्या ओठाला बर्फ लावला. "उद्यापासून जायचं नाही. बॉसला सांग. वेडी आहेत का ही माणसं? शंभर वर्षांपूर्वीचं भांडण!"

"मी सांगितलं त्याला. मीच."

"तू रिपोर्ट दिलास. तुझं काम केलंस."

"मी हसत होते रे सांगताना," सुलेखा म्हणाली. "गणित सुटल्यावर हसतात तशी."

दोन दिवसांनी, वीस मेला, दुपारी एक वाजता साइटवरचे सगळे जेवायला कंटेनरकडे गेले होते. डेक्लन परांचीवरच डबा खायचा. सुलेखा वर पुलात, नव्या खुंट्यांच्या ढिगापाशी बसली होती. खालून यंत्राचा आवाज आला. आधी तिला वाटलं, पलीकडच्या कुरणात कोणी झाड तोडतंय. मग पायाखालच्या फळ्या थरथरल्या.

ती शिडी उतरली. कॉनर परांचीवर उभा होता, सुजलेल्या काळ्यानिळ्या तोंडाने, हातात चेनसॉ, म्हणजे मोटारीवर चालणारी करवत. ती त्याने चिरेच्या डाव्या बाजूला, हातभर अंतरावर, तुळईत घातली होती. पिवळा भुसा उडत होता. त्याला तो तेवढा तुकडाच काढून न्यायचा होता.

"कॉनर! फोटो आहेत! सगळ्यांना पाठवलेत!" सुलेखा ओरडली.

"लोक फोटो बघत नाहीत!" तो ओरडला. "लोक पूल बघायला येतात!"

डेक्लन दुसऱ्या टोकाकडून धावत आला. त्याने चेनसॉचा पुढचा दांडा पकडला. दोघे हिसकाहिसकी करत असताना पातं लाकडातून सुटून वर उसळलं आणि डेक्लनच्या डाव्या हातावरून गेलं. एक क्षण काहीच दिसलं नाही. मग करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तिथे नव्हतं आणि मनगटापर्यंत सगळं लाल झालं.

कॉनर थिजला. यंत्र हातात सुरूच होतं. डेक्लन हाताकडे बघत मागे सरेल असं सुलेखाला वाटलं, पण तो पुढे झाला आणि कापलेल्या तुळईवर छातीने आडवा पडला. जुनी चीर त्याच्या अंगाखाली झाकली गेली. कॉनरने चेनसॉ पुन्हा उचलली. ती लाकडावर घालायला की डेक्लनवर, हे सुलेखाला आजही सांगता येत नाही.

परांचीवर खुंट्या ठोकायची मोगरी पडली होती, चार किलोची, ओकची. वखारीत वाढलेल्या मुलीला ती कशी धरायची हे शिकवावं लागत नाही. तिने दोन्ही हातांनी ती उचलून कॉनरच्या मनगटावर घातली. हाड मोडल्याचा आवाज यंत्राच्या आवाजातही ऐकू आला. चेनसॉ कठड्यावरून नदीत गेली आणि बुडबुडे काढत बंद पडली.

एकदम शांतता झाली. कॉनर गुडघ्यांवर बसला होता, मोडलेला हात पोटाशी धरून, डोकं खाली. त्याच्या हातात काही नव्हतं. तो उठतही नव्हता.

सुलेखाने मोगरी पुन्हा उचलली आणि दुसऱ्यांदा मारली. खांद्यावर. पूर्ण ताकदीने. गळ्याखालचं हाड मोडून कातडीखाली टोक वर आलेलं तिला दिसलं. कॉनर किंचाळत परांचीवर कोसळला. तिने तिसऱ्यांदा मोगरी उचलली होती.

"सुलेखा," डेक्लन तुळईवरूनच म्हणाला. "माझा हात बांध."

तिने मोगरी टाकली. मफलर काढून त्याचं मनगट आवळलं. तुटलेलं एक बोट परांचीवर सापडलं. दुसरं नदीत गेलं होतं. रुग्णवाहिका यायला बावीस मिनिटं लागली. तोवर ती दोघांच्या मध्ये बसली होती, एका हाताने डेक्लनचं मनगट वर धरून. कॉनर कण्हत होता. ती त्याच्याकडे एकदाही वळली नाही.

सापडलेलं बोट डॉक्टरांना जोडता आलं नाही.

जबाब दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. सकाळी प्रताप गाडी चालवत होता. पोलीस ठाण्याच्या दारात त्याने इंजिन बंद केलं.

"वकील काय म्हणाला ते लक्षात आहे ना? एक फटका. त्याच्या हातात चालू चेनसॉ होती. इथपर्यंत कोणी काही म्हणणार नाही. दुसऱ्याचा विषयच काढू नकोस. डेक्लनने पण एकच सांगितलाय."

"त्याला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. त्याचं त्यानेच. आपले नागरिकत्वाचे कागद आत आहेत, सुलेखा. पोलीस रेकॉर्ड झालं की संपलं सगळं. नऊ वर्षं काढलीत आपण इथे."

"दोनदा मारलं मी."

"अगं पण कोणी बघितलंय?"

"त्याचा हात रिकामा होता, प्रताप. तो खाली बघत होता. आणि मला..." तिने सीटबेल्ट सोडला. "मला बरं वाटलं. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा."

प्रतापने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. ती उतरून आत गेली.

टेबलापलीकडे एक तरुण पोलीस अधिकारी होती. तिने शांतपणे विचारलं, "तुम्ही मिस्टर हॅनलन यांना किती वेळा मारलंत?"

"दोनदा. दुसऱ्या वेळी त्यांच्या हातात काही नव्हतं. तिसऱ्यांदाही मारणार होते."

अधिकारी लिहायची थांबली. "नक्की? त्यांनी स्वतः हॉस्पिटलमध्ये एकच सांगितलाय."

"हाडं दोन ठिकाणी मोडलीत," सुलेखा म्हणाली. "मोजा."

फर्मने तिला कामावरून दूर केलं, प्रकरणाचा निकाल लागेपर्यंत. नागरिकत्वाचे कागद अडकले. प्रताप पंधरा दिवस कामापुरतंच बोलला. तिने मिरजेला भावाला फोन केला आणि त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ज्याने माझं डोकं फोडलं ना, त्याची आई बाहेर गाडीत होती. तिलाही खाट मिळाली नव्हती." त्यावर दोघं रडली. फोन चालूच होता.

नऊ जूनचा शताब्दीचा कार्यक्रम झाला, पण मोडका. फोटो तोपर्यंत साऱ्या गावात फिरले होते. मेलेल्या पाच पोरांच्या नावांचा, स्मारकाचा नवा दगड कोणीतरी आदल्याच दिवशी घणाने फोडला. त्याच आठवड्यात डेक्लनच्या शेडच्या काचा फुटल्या आणि दारावर रंगाने 'हेर' लिहिलं गेलं. कार्यक्रमाच्या समितीतल्या एका बाईंनी डेक्लनला विचारलं, दगड नवा करू, सहावं नाव घालू का? तो म्हणाला, "त्या पाचांच्या शेजारी? त्यांच्याच मित्रांनी मारलंय त्याला. नको."

ऑक्टोबरमध्ये सरकारी वकिलांनी कळवलं, की सुलेखावर खटला भरला जाणार नाही. दुसरा फटका त्याच झटापटीतला धरला होता. कॉनरवर मात्र आरोप ठेवला गेला आणि तारीख पुढच्या वर्षीची पडली. फर्मने तिला परत बोलावलं. डेक्लनने उरलेल्या तीन बोटांनी डावा हात चालवायला शिकून घेतलं होतं. त्याने तुळईतला कॉनरने चिरलेला भाग बदलला, आजोबांची चीर तशीच ठेवली आणि भार घ्यायला तिच्या दोन्ही बाजूंनी सुलेखाने आखलेल्या नव्या फळ्या जोडल्या.

नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी पूल लोकांना खुला झाला. सकाळी अकराचा सुमार. पन्नासेक माणसं आली होती, मास्क लावून, अंतर ठेवून. सुलेखा पूर्वेच्या तोंडाशी उभी होती तेव्हा कॉनर तिच्याकडे आला. बारीक झाला होता. उजवा खांदा खाली झुकलेला, तो हात खिशात.

ती मागे सरली नाही. "तुझ्या खांद्याबद्दल," ती म्हणाली, "पहिल्या फटक्याबद्दल मी माफी मागणार नाही. दुसऱ्याबद्दल मागते."

त्याने मान हलवली. ते ऐकायला तो आलाच नव्हता. "आजोबांना माहीत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"चोवीस साली, सगळं शांत झाल्यावर, ते पुलाखाली गेले. पट्ट्याचे दोन बोल्ट सोडून आत बघितलं. पुन्हा आवळले. मरताना माझ्या वडिलांना सांगितलं. वडिलांनी मला. सांगताना दार लावून घेतलं होतं त्यांनी." त्याने मास्क नाकावर ओढला. "मला अठराव्या वर्षापासून माहीत आहे."

सुलेखाला त्याला मारावंसं वाटलं. हात शिवशिवले, अगदी खरेखुरे. तिने ते कोटाच्या खिशात घातले.

"डेक्लनला सांग," ती म्हणाली.

"तो मारेल मला."

"मारेल कदाचित. सांग."

ती त्याच्याबरोबर गेली. डेक्लन पुलाच्या मध्यावर कठड्याला टेकून उभा होता. कॉनरने तेच पुन्हा सांगितलं, खाली बघत. डेक्लनने सगळं ऐकून घेतलं.

"चोवीस," तो म्हणाला. "माझे वडील तेव्हा चार वर्षांचे होते. शाळेत जायचे होते अजून. दोन्ही कान शाबूत होते."

त्याची उजवी मूठ वळली. सुलेखा दोघांच्या मध्ये शिरली.

"बाजूला हो."

"नाही."

डेक्लन तिच्या डोक्यावरून कॉनरकडे बघत राहिला. "मला नको सांगूस," तो अखेर म्हणाला. "त्यांना सांग. आत्ता. जा."

कॉनर पुलाच्या पश्चिमेच्या तोंडाशी गेला. तिथे फोडलेल्या दगडापाशी बहुतेक माणसं उभी होती. त्याने मास्क खाली केला. मग तो म्हणाला, "जेम्स ब्रॉफीने तुळई कापली होती. माझ्या आजोबांनी ती चोवीस साली स्वतः पाहिली आणि ते गप्प राहिले. माझे वडील गप्प राहिले. मीही."

एक म्हातारा थुंकला आणि पाठ करून चालू लागला. मग गर्दीतून कॉनरचा थोरला भाऊ पुढे आला, पांढऱ्या केसांचा, टाय लावलेला. त्याने कॉनरच्या तोंडावर ठोसा मारला.

कॉनरने हात खिशातून काढला नाही. तो फोडलेल्या दगडाला धडकून खाली बसला. सुलेखा पुढे धावली आणि तिच्या पाठोपाठ, तिने मागे वळून पाहिलं तेव्हा, डेक्लनही येत होता. कॉनर तोवर एका हाताने दगडाला धरून उठला होता. नाकातून हनुवटीपर्यंत रक्त आलं होतं. ते न पुसता त्याने तेच वाक्य पुन्हा म्हणायला सुरुवात केली, या वेळी मोठ्याने.